नाशिकमध्ये भाजीच्या नवीन वाफ्यासाठी स्वस्तात भरपूर माती: कुठून आणायची, कशी बघायची, कशी भरायची

घर बांधून झालं, मागच्या बाजूला पाच-दहा फुटांची पट्टी उरली, तिथं वांगी, टोमॅटो, मेथी लावायचं ठरलं आणि टिकाव मारला तर खाली नुसता मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा. म्हसरूळ, पाथर्डी फाटा, आडगाव, चेहेडी, जिथं जिथं शेतं मोडून प्लॉट पडलेत तिथं हे घरोघरी बघायला मिळतं, कारण बांधकामाच्या वेळी वरची काळी माती उचलून नेतात आणि भराव मुरमाचा टाकतात. मग लोक नर्सरीत जाऊन पाच-सहा गोण्या माती आणतात, ती वाफ्यात कुठं गेली ते कळतही नाही, परत दहा आणतात, आणि दोन वाफे भरेपर्यंत एवढे पैसे जातात की पुढं खत, बी, नळी कशालाच हात सैल सुटत नाही.

खरं तर नाशिकमध्ये माती महाग नाहीये. महाग आहे ती माती भरणं, आणणं आणि उतरवणं. डिझेल, ड्रायव्हर, जेसीबीचा तास, माणसांची हजेरी, यातच सगळे पैसे जातात. म्हणून खालचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, लांबची एकदम भारी माती शोधत बसण्यापेक्षा जवळची बऱ्यापैकी माती घ्या आणि ती खताने सुधारा, त्यात निम्म्याहून जास्त पैसे वाचतात आणि दोन वर्षांनी दोन्ही मातीत फारसा फरक राहत नाही.

आधी हिशोब, मग फोन

माती, मुरूम, वाळू, खडी, आपल्याकडे सगळं ब्रासवर चालतं. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला किती ब्रास पाहिजे हे माहीत नसताना फोन केला तर समोरचा सांगेल तेवढी माती दारात येऊन पडते, त्यामुळे आधी टेप घ्या आणि मोजा.

समजा १० फूट लांब, ४ फूट रुंद असे दोन वाफे करायचेत, उंची १ फूट. ४ फुटांपेक्षा जास्त रुंदी नको, दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे, नाहीतर निंदायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि माती दबते. १० गुणिले ४ गुणिले १ म्हणजे ४० घनफूट, दोन वाफ्यांचे ८०. आता हे ८० च्या ८० मातीने भरायचे नाहीत. खालचे ४ इंच आपण पालापाचोळा, उसाची चिपाडं, वाळलेलं गवत असं फुकट मिळणारं सामान टाकणार, म्हणजे एक तृतीयांश जागा तिथंच भरली, उरले ५३ घनफूट. माती पाण्याने बसते, पावसाळ्यात चांगली दोन-तीन इंच खाली जाते, त्यासाठी वीस टक्के जास्त धरा, झाले साधारण ६४. त्यातली ६० टक्के माती म्हणजे ३८ घनफूट, ३० टक्के शेणखत-कंपोस्ट म्हणजे १९ घनफूट, बाकीचे ६-७ घनफूट भाताचं तूस किंवा बारीक मुरूम.

म्हणजे दोन चांगल्या मोठ्या वाफ्यांना माती लागते अर्धा ब्रास सुद्धा नाही. हा आकडा हातात असला की समोरचा दोन ब्रासची गाडी गळ्यात मारू शकत नाही.

गोणीशी तुलना पण करून बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट माती बसते, म्हणजे १ ब्रासच्या ८० गोण्या. समजा नर्सरीवाला गोणीचे १०० रुपये सांगतोय, तर तो तुम्हाला ब्रास ८००० रुपयांनी विकतोय. आता ट्रॉलीवाल्याचा पोच भाव विचारा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कुंड्या चार-सहा असतील तर गोणीच परवडते, उगाच ट्रॉली बोलवू नका. वाफा असेल तर गोणीचा विषय सोडून द्या.

अजून एक, वजन. १ ब्रास माती साधारण ४ टन भरते, ओली असेल तर जास्तच. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे त्याच्यात नियमाने अठरा-वीस घनफूटच माती येते. "एका खेपेत अर्धा ब्रास आणून देतो" असं छोटा हत्तीवाला म्हणाला तर एकतर तो गाडी ओव्हरलोड करणार नाहीतर माती कमी देणार. आणि मातीचा भाव कधीच वजनावर ठरवू नका, ओल्या मातीत पाण्याचेच पैसे देऊन बसाल, भाव घनफुटावर किंवा ब्रासवरच ठरवायचा.

गच्चीवर वाफा करायचा विचार असेल तर इथंच थांबा. १ फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोपर्यंत जातो आणि वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोच्या भाराचा हिशोब धरून केलेला असतो. गच्चीसाठी कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण लागतं, तो वेगळा विषय आहे, हा सगळा लेख जमिनीवरच्या वाफ्याचा आहे.

माती कुठं मिळते

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात चांगला सोर्स म्हणजे तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर चालू होणारं बांधकाम. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पायाला ती अजिबात चालत नाही, म्हणून बिल्डरला ती उचलून टाकावीच लागते आणि त्या जागी मुरूम भरावा लागतो. त्याला ती टाकायलाच खर्च येत असतो, त्यामुळे बरेचदा माती फुकट मिळते, आपल्याला फक्त ट्रॅक्टरचं भाडं पडतं. प्लॉटला पत्रे लागले, भूमिपूजन झालं की जाऊन सुपरवायझरला किंवा सरळ जेसीबीवाल्या दादाला भेटायचं. वेळ महत्त्वाची आहे बरं का, कारण आपल्याला पाहिजे ती वरची फूटभर माती आणि ती पहिल्या एक-दोन दिवसांतच निघते. त्यानंतर जे निघतं ते खालचं, पिवळट, चुनखडीचे पांढरे खडे असलेलं, मग मुरूम, मग दगड. ते सगळं एकत्र ढिगात गेलं की त्यातून चांगली माती वेगळी काढता येत नाही. म्हणून त्यांचा नंबर घेऊन ठेवा आणि सांगून ठेवा की वरचा थर काढायच्या दिवशी फोन करा.

प्लॉट आधी काय होता तेही विचारा. मखमलाबाद, आनंदवली, गंगापूर रोडच्या गोदावरीकाठच्या पट्ट्यात जुनी मळ्याची जमीन असेल तर माती सोन्यासारखी निघते. सिन्नरकडे बरीचशी जमीन हलकी, मुरमाड. निफाडकडे खोल काळी, चिकट. त्र्यंबक, इगतपुरीकडे भाताची तांबडी माती, नर्सरीवाले लाल माती म्हणून विकतात ती बरीचशी अशाच पट्ट्यातली. लोकांना लाल माती दिसायला आवडते आणि कुंडीला ती बरी पण पडते, पाणी लवकर निचरतं, पण नाशिक शहरात बसून इगतपुरीहून ट्रॉली मागवणं म्हणजे लांबचं भाडं डोक्यावर घेणं. वाफ्याला काळी मातीच घ्या, तिच्यात पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवायची ताकद आहे, उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तरी रोपं मान टाकत नाहीत. तिचा चिकटपणा तेवढा मोडावा लागतो, ते पुढं सांगतो.

दुसरा सोर्स गाळ. धरणं, पाझर तलाव, गावतळी उन्हाळ्यात आटली की गाळ काढतात. राज्य सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासूनची, तिच्यात शेतकऱ्यांना शेतात टाकायला गाळ मिळतो. आपण शहरातल्या घरमालकांनी थेट त्यात घुसायचं नाही, तो शेतकऱ्यांसाठी आहे. पण गावाकडं भाऊबंद असतील, त्यांनी शेतात गाळ टाकला असेल तर त्यांच्याकडून चार-दहा गोण्या येता-जाता गाडीच्या डिकीत आणता येतात. गाळ मात्र फार बारीक असतो, नुसता गाळ वाफ्यात भरला तर वर सिमेंटसारखी पापडी धरते. मिश्रणात पाव भागापेक्षा जास्त गाळ नको.

तिसरा सोर्स ट्रॅक्टरवाले आणि बिल्डिंग मटेरियल सप्लायर. शहराच्या कडेच्या प्रत्येक गावात माती-मुरमाचे ट्रॅक्टर चालवणारी पोरं असतात, किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर विचारलं तरी नंबर मिळतो. वीटभट्टीवाल्यांनाही विचारा, त्यांना मातीची सगळी माहिती असते, कुठला पोयटा चांगला, कुठली माती चुनखडीची, ते एका मिनिटात सांगतात.

आणि चौथं, शेजारी. एक ट्रॉली साधारण १ ब्रासच्या आसपास असते आणि आपल्याला लागतेय अर्धा. कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, "रविवारी काळी मातीची ट्रॉली मागवतोय, अर्धी कोणाला पाहिजे का". भाडं वाटलं गेलं की खर्च निम्मा.

फोनवर काय बोलायचं

भाव विचारायच्या आधी माती कुठली ते विचारा. साधारण असं बोलणं होऊ द्या:

"दादा, काळी माती पाहिजे, भाजीपाल्याला. कुठल्या साईटची आहे?"

"आडगावची आहे, मळा होता तिथं."

"मळ्यात काय होतं पहिले?"

"द्राक्षं होती. मग दोन-तीन वर्षं पडीक."

"वरची फूटभर आहे का खालची?"

"मिक्स असते हो, भाऊ."

इथं थांबायचं. मिक्स म्हणजे खालची जास्त. "मी बघायला येतो, आवडली तर जागेवर अॅडव्हान्स देतो" असं सांगा आणि खरंच जा, बघितल्याशिवाय माती घ्यायची नाही. द्राक्षाच्या जुन्या बागेच्या मातीचं अजून एक असतं, बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि तांब्याची बुरशीनाशकं फवारलेली असतात आणि ते तांबं मातीच्या वरच्याच थरात साठून राहतं. नाशिकमध्ये बागा एवढ्या आहेत की हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायलाच हवा. कांदा, गहू, हरभरा, भाजीपाल्याची जमीन असेल तर बरी. सलग टोमॅटो घेतलेली जमीन असेल तर मर रोग आणि सूत्रकृमीची भीती असते, तिथली दोन-चार रोपं किंवा तण मुळासकट उपटून बघा, मुळांवर गाठी गाठी असतील तर ती माती नकोच.

भाव ठरवताना "पोच" किती ते विचारा, म्हणजे दारात ओतून. ट्रॉली किती ब्रासची आहे ते त्याच्या तोंडून ऐका आणि आल्यावर टेपने मोजा. ट्रॉलीची आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले मातीची उंची, फुटात, भागिले १००. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच भरली असेल तर ९० घनफूट, म्हणजे १ ब्रासला १० कमी. मधे शीग असेल पण कोपरे रिकामे असतील तर सरासरी उंची धरायची. आणि हे माप ट्रॉली पलटी करायच्या आधी घ्या, नंतर ढिगाचं माप कोणालाच काढता येत नाही आणि वाद होतो.

पावतीचं पण बघा. साधी माती आणि मुरूम हे सरकारच्या दृष्टीने गौण खनिज आहे, ते काढायला परवानगी लागते, रॉयल्टी भरावी लागते आणि गाडीबरोबर वाहतुकीचा पास लागतो. विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक सापडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या ५ पटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त होऊ शकते. म्हणून रॉयल्टीची पावती आहे का हे सरळ विचारा. रात्री अकरानंतर माती आणून टाकतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ती माती कोणाच्या तरी नदीकाठातून, टेकडीतून ओरबाडलेली असते आणि आपल्या वाफ्यासाठी ते व्हायला नको.

हातात घेऊन बघा

साईटवर गेलात की ढिगाच्या वरची माती बघू नका, फावड्याने आत हातभर खणून आतली बघा. रंग काळा-तपकिरी पाहिजे. ओलसर मातीचा वास घ्या, पावसाच्या पहिल्या सरीचा येतो तसा वास आला तर माती जिवंत आहे. नासका, गटाराचा, ऑइलचा, केमिकलचा वास आला तर तिथूनच परत फिरा.

मग मूठभर माती घेऊन थोडं पाणी टाकून मळा, गोळा करा आणि अंगठा-बोटात धरून तिची पट्टी पुढं काढत जा. पट्टी निघतच नाही, लगेच तुटते, तर माती रेताड किंवा मुरमाड. एक-दीड इंचाची निघून तुटली तर मध्यम, भाजीला एकदम योग्य. दोन इंचाच्या पुढं लांबलचक चकचकीत पट्टी निघाली तर चिकणमाती जास्त, तिला खत जास्त लागणार, पण ती टाकाऊ नाहीये.

घरी आणलेल्या नमुन्याची बरणी-चाचणी करा. काचेची उभी बरणी, तिच्यात एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी, चमचाभर कपड्याचा साबण, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन-तीन तासांत त्यावर बसतो तो पोयटा, आणि नंतर एक-दोन दिवस हळूहळू बसत राहते ती चिकणमाती. तीन थर पट्टीने मोजा, चिकणमातीचा थर निम्म्यापेक्षा जास्त असेल तर मिश्रणात माती ५० टक्क्यांवर आणा आणि खत वाढवा.

वाळलेल्या चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. नाशिकच्या काळ्या मातीत थोडाफार असतोच, पण खूप फसफसली तर पुढं झाडांना लोह मिळत नाही, नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसायला लागतात. अशा मातीत राख अजिबात टाकू नका. चुलीची राख खत म्हणून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती आम्लधर्मी मातीला ठीक, आपली माती आधीच विम्लतेकडे झुकलेली आहे.

शेवटची परीक्षा सगळ्यात भरवशाची. तीन प्लास्टिकच्या ग्लासांना खाली भोकं पाडून त्यात ही माती भरा, दुसऱ्या तीन ग्लासांत तुमच्या ओळखीची चांगली माती, आणि दोन्हीकडे मेथी आणि मूग टाका. आठ-दहा दिवसांत नवीन मातीतली रोपं वेडीवाकडी, पिवळी, गुंडाळलेली आली आणि दुसरीकडे नीट, तर मातीत तणनाशक शिल्लक आहे. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये सहज कळत नाही, मेथी सांगते.

जास्त माती घेणार असाल, दोन-चार ब्रास, तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं जाऊन माती परीक्षणाचं विचारा. ढिगाच्या आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, त्यातली अर्धा किलो द्यायची. रिपोर्टमध्ये तीन आकडे आधी बघा, पीएच साडेसहा ते साडेसातच्या जवळ असावा, आठच्या वर नको, ईसी (म्हणजे मातीतल्या विरघळणाऱ्या क्षारांचं माप) १ च्या खाली असावी, आणि सेंद्रिय कर्ब अर्धा टक्क्याच्या वर असला तर उत्तम, कमी असला तरी घाबरायचं कारण नाही कारण तो आपण खताने वाढवणारच आहोत.

ही माती फुकट दिली तरी नको

नासर्डीच्या आणि शहरातल्या नाल्यांचा उपसलेला गाळ नको, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून ते पाणी येतं, त्यात काय बसलंय सांगता येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आवारातली, जुन्या गॅरेजखालची, भंगारच्या दुकानाजागची माती नको. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेला भराव नको. पाडलेल्या घराचा मलबा मिसळलेली नको, त्यात जुन्या रंगाचे पोपडे असतात आणि जुन्या रंगात शिसं असायचं. ढिगावर वाळल्यावर पांढरा थर चढलेला दिसला तर ती क्षाराची माती आहे, तीही नको.

आणि तण. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. ढिगात बारीक काळ्या गाठी असलेल्या मुळ्या दिसल्या तर तो लव्हाळा, पांढऱ्या कांडीकांडीच्या मुळ्या दिसल्या तर हरळी. गाजरगवत उपटून संपतं, पण लव्हाळा एकदा वाफ्यात शिरला की तुम्ही वरून उपटत राहता आणि तो खालून येत राहतो. जिथून माती काढली तिथं आजूबाजूला काय उगवलंय ते बघा, लव्हाळा दिसला तर माती कितीही चांगली असली तरी सोडून द्या.

खत आणि भुसभुशीतपणा

माती ब्रासने घ्यायची, पण खताला मात्र कंजूषी करायची नाही. वरच्या हिशोबातलं १९ घनफूट खत म्हणजे साधारण १५ सिमेंटच्या गोण्या. ताजं शेण नाही, पूर्ण कुजलेलं, काळं, हाताला वास न येणारं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते, पांढरी जाड अळी, ती मुळं खाते आणि उभी रोपं अचानक कोमेजतात. म्हणून गोणी उघडून हाताने उकरून बघा, अळी दिसली तर ते खत उन्हात पातळ पसरून, वेचून मगच वापरा. गोठेवाले, गोशाळा, पांजरापोळ इथं शेणखत मिळतं. मेंढपाळांचे वाडे उन्हाळ्यात शेतात बसतात, त्यांच्याकडचं लेंडीखत थोडं मिळालं तरी खूप उपयोगी. कोंबडीखत फार उष्ण, कुजवल्याशिवाय नाही. महापालिकेच्या खत प्रकल्पातलं कचऱ्याचं खत घेणार असाल तर चाळून घ्या, काच आणि प्लास्टिकचे तुकडे असतात, आणि तपासणीचा रिपोर्ट मागा, खायच्या भाजीला वापरतोय आपण.

भुसभुशीतपणासाठी मातीत वाळू टाकायची असं खूप जण सांगतात. चिकणमातीत थोडी वाळू टाकली तर उपयोग होत नाही, उलट माती अजून घट्ट होते, उपयोग व्हायला निम्मी वाळू टाकावी लागेल आणि वाळूचा भाव मातीपेक्षा कितीतरी जास्त. त्यापेक्षा भाताचं तूस आणा. घोटीला भाताच्या गिरण्या आहेत, तिकडून कोणी येणार असेल तर दोन-तीन पोती तूस मागवून ठेवा, हलकं असतं, स्कूटरवर सुद्धा येतं.

खालच्या थराला लागणारं सामान तर आपल्याला शोधायलाही जावं लागत नाही. उन्हाळ्यात प्रत्येक चौकात रसवंती असते, संध्याकाळी त्यांना चिपाडं टाकायचीच असतात, पोतं घेऊन गेलात तर भरून देतील. कॉलनीतला झाडलेला पाला घंटागाडीत जायच्या आधी मागून घ्या. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पण चालतात, बारीक तोडून, पण फवारणी ताजी नसावी.

भरायचं कसं

एप्रिल-मे हा काळ उत्तम. माती कोरडी असते, ट्रॅक्टर रुतत नाही, खोदकामं चालू असतात. जूनमध्ये पाऊस लागला की काळी माती उचलता येत नाही, फावड्याला चिकटते, ट्रॉली रस्त्यात फसते आणि भाडं वाढतं. दिवाळीनंतर दुसरी संधी येते.

ट्रॉली यायच्या आधी गेटची रुंदी मोजा, वरून विजेची तार जात नाही ना बघा, कारण ट्रॉली पलटी होताना पुढची बाजू चांगली उंच जाते. उतरवायच्या जागी ताडपत्री अंथरा, नाहीतर शेवटची दहा-बारा घमेली माती पार्किंग ब्लॉकच्या फटीत जाते. ढीग वाफ्याच्या जितक्या जवळ पडेल तेवढी मजुरी कमी.

वाफ्याची जागा आधी टिकावाने वीतभर खणून सैल करा, मुरूम असला तरी. खाली खडी किंवा दगडांचा थर टाकू नका, पाणी निचरायला मदत होते हा गैरसमज आहे, उलट पाणी मातीच्या तळाशी अडकून राहतं. सैल केलेल्या जमिनीवर पाला-चिपाडं ४ इंच दाबून अंथरा, त्यावर थोडं शेणाचं पाणी शिंपडा, म्हणजे कुजायला लागेल. मग माती, खत, तूस हे बाहेरच, ताडपत्रीवर, ढिगात मिसळून घ्या, वाफ्यात थर-थर टाकून नंतर मिसळू म्हणाल तर ते होत नाही. माती वाळूच्या उभ्या जाळीतून मारली तर खडे, मुळ्या, काचा सगळं वर राहतं. दोन माणसं असली तर एका दिवसात दोन वाफे आरामात होतात.

भरून झालं की भरपूर पाणी द्या आणि वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून चारी बाजूंनी मातीने दाबा. काळं नाही, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं आणि माती तापते. नाशिकच्या मे महिन्याच्या उन्हात ४ ते ६ आठवडे ठेवलं तर वरच्या थरातलं तणाचं बी आणि बऱ्याच बुरशी मरतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र याने मरत नाहीत, म्हणून माती घेतानाच काळजी.

प्लास्टिक काढल्यावर जीवामृत द्या, एवढ्या वाफ्याला २० लिटर पुरतं. २० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, तीन-चार दिवसांत तयार.

पहिलं पीक टोमॅटो-वांगी नको. पहिल्या पावसाळ्यात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरा, साधारण ४५ दिवसांनी फुलायच्या बेतात आला की तिथंच कापून मातीत मिसळा. खायचंच काहीतरी लावायचं असेल तर चवळी, मूग, वाल लावा, शेंगा खा आणि झाडं मुळासकट उपटू नका, वरून कापा, मुळं मातीतच राहू द्या. कडेने झेंडू लावा, सूत्रकृमीला तो आवडत नाही आणि दसऱ्याला फुलं होतात.

पावसाळा संपेपर्यंत वाफा चांगला दोन-तीन इंच खाली बसलेला असेल, खालचा पाला कुजून गेलेला असेल. तेव्हा परत माती मागवू नका. वर फक्त शेणखत आणि स्वयंपाकघरातलं कंपोस्ट टाकून उंची भरून काढा, आणि त्यावर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. बागेत एक कोपरा कंपोस्टसाठी पहिल्या दिवसापासून चालू केलेला असेल तर ऑक्टोबरपर्यंत तेवढं खत घरचंच तयार असतं, मेथी-पालक त्यावर लगेच पेरता येतो.